पाव्हण्यांचा माठ

आमच्या ओट्यावर दुपारी कुणी नसताना तांब्या ठेवल्याचा आवाज येतो. जड पितळी तांब्या फरशीवर टेकवावा तसा. सून म्हणते, "आई, मांजर असेल." असेल बाई मांजर. पण मांजर तांब्या ठेवून त्यावर फुलपात्र पालथं घालत नाही, आणि मला तो दुसरा, बारीक आवाजसुद्धा येतो. आधी तांब्या, मग फुलपात्र. पूर्वी मी हातातलं काम टाकून बाहेर धावत जायची. आता जात नाही. ओटा रिकामा असतो, हे मला ठाऊक आहे.

माझे यजमान आमदार होते. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, आणि मी तर उखाण्यातसुद्धा ते तोंडातल्या तोंडात घ्यायची. म्हणून इथंही त्यांना 'हे'च म्हणणार. त्यांनी किती भाषणं केली, किती शाळांना खोल्या बांधून दिल्या, हे ज्याला पाहिजे त्यानं दुसऱ्या कुणाला विचारावं. सांगणारे पुष्कळ आहेत. मला फक्त एका तांब्याभर पाण्याचं सांगायचं आहे. ते माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, कारण त्या पाण्याच्या एका बाजूला माझा बाप बसला होता आणि दुसऱ्या बाजूला माझा नवरा.

सासर माझं जळगाव जामोदचं. मागच्या दारात उभं राहिलं की सातपुडा दिसतो. डोंगराच्या अंगाच्या विहिरी गोड. माहेर मात्र खाली, पूर्णेकडे, काळ्या रानातलं. तिकडची जमीन दृष्ट लागावी अशी, आणि पाणी खारं. थोडंथिडकं नाही, चांगलं खारं. साबणाला फेस येत नसे. तुरीची डाळ चुलीवर घालून शेतात जाऊन यावं, तरी दाणा न् दाणा वेगळाच. चहात दूध ओतलं की नासायचं. आमच्या गावच्या पोरी वरच्या गावांना दिल्या जात, पण वरची पोर आमच्या गावात कुणी देत नसे. मुलगा बघायला आलेले लोक आधी विहीर बघत आणि मग घाईघाईनं पायात जोडे घालत.

म्हणून तिकडं घरोघरी दोन माठ असत. एक घरचा, एक पाव्हण्यांचा. घरच्या माठात विहिरीचं पाणी. पाव्हण्यांच्या माठात वरच्या गावाहून बैलगाडीनं, नाहीतर बायांच्या डोक्यावरून आणलेलं गोड पाणी. त्या माठाला पोरांनी हात लावला की पाठीत धपाटा बसे. अंगात ताप असला तर मात्र त्यातलं एक फुलपात्र मिळे, आणि म्हणून लहानपणी मला आपल्याला ताप यावा असं फार वाटे. पाव्हणा उठून गेला की त्याच्या पेल्यात उरलेला घोट आम्ही बहीणभाऊ भांडून पीत असू. माय लवकर गेली होती. मी, माझा भाऊ आणि बाबा, एवढंच आमचं घर.

आमची विहीर बाबांनी स्वतः खणली होती, माझ्या जन्माच्या आधी. पाणी लागलं तेव्हा त्यांनी म्हणे आधी गावभर गूळ वाटला आणि मग चव घेतली. लोक वर्षानुवर्षं यावरून त्यांची टिंगल करत. बाबांच्या नाकावर माशी बसलेली त्यांना खपत नसे, पण या गोष्टीवर ते कधी चिडले नाहीत. "लागलं ना पानी? मंग!" एवढंच म्हणत. त्यांचा एकच नियम होता. पाव्हण्यानं गोड प्यावं, घरच्यानं खारं प्यावं, आणि खारं पिताना तोंड वाकडं करायचं नाही. "कसंबी असो, घरचं हाय."

लग्नानंतर हे पहिल्यांदा सासुरवाडीला आले. हे वरचे, गोड पाण्याचे. बाबांनी पाव्हण्यांच्या माठातला तांब्या भरून आणला, ओट्यावर यांच्यापुढे ठेवला, वर फुलपात्र पालथं घातलं. यांनी तांब्याकडे पाहिलं, मग आत ओळीनं ठेवलेल्या दोन माठांकडे पाहिलं. कधी माझ्याकडून, कधी भावाकडून यांनी सगळं ऐकून घेतलेलं असणार.

"मामाजी," हे म्हणाले, "हे पाव्हण्याचं पानी. मले घरचं द्या."

बाबा बघतच राहिले. मग उठले, स्वतः विहिरीवर गेले, ताजं पाणी ओढून आणलं. यांनी फुलपात्र तोंडाला लावलं आणि गटागटा सगळं संपवलं. कपाळाला एक आठी पडू दिली नाही. वर आणखी मागितलं! त्या संध्याकाळी बाबा मारुतीच्या पारावर जाऊन भेटेल त्याला सांगत होते, "जवाई नाई बे, पोरगा भेटला मले." दाराआड उभी राहून मी रडले. आनंदानं. नवरा मिळाला तो असा, याचा मला इतका अभिमान वाटला होता की काय सांगू.

ही गोष्ट इथंच थांबली असती तर किती बरं झालं असतं.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. आधी आमचे कागद नागपूरला जात, ते आता मुंबईला जाऊ लागले. हे खरेदी-विक्री संघात होते, बोलायला फर्डे, खादी अंगाला शोभायची. जिल्ह्याच्या पुढाऱ्यांनी यांना हेरलं आणि विधानसभेला उभं केलं. घरात एकदम जीप, भोंगा, पत्रकं, चहाची आधणं. मी विचारलं, "हे झेपणार का आपल्याला?" तर हसून म्हणाले, "लोकच झेपवतात व. आपन फक्त उभं राह्याचं."

प्रचाराला माझ्या माहेरी सभा झाली. महादेवाच्या देवळापुढं. मीही बायांमध्ये बसले होते, लेक म्हणून डोक्यावरून पदर जरा कमी, जराशी मिरवतच. बाबा पुढं, खांबाला टेकून. यांचं भाषण रंगलं. शेती, भाव, शाळा, रस्ता. तेवढ्यात बायांमधली एक म्हातारी उठली. तिच्या तिन्ही पोरांची लग्नं अडली होती, हे सगळ्या गावाला माहीत.

"जवाई हाय म्हनून मत तं देऊच," ती म्हणाली, "पन पान्याचं काय? निवडून आले का तुमीबी इसरसान. तुमाले काय, तुमी पाव्हण्याच्या माठातलं पेसान अन् जीपीत बससान."

लोक हसले. यांना ते लागलं. खरं तर यांनी एवढंच सांगायचं होतं, की मी या गावात खारंच पीत आलोय, विचारा मामाजींना. एका वाक्याचं काम होतं. पण भाषणाच्या भरात माणूस साधं बोलत नाही. यांनी गुरवाला हाक मारली, देवळातून बेलभंडार मागवला. आमच्याकडे बेल आणि भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर वंश बुडतो म्हणतात. यांनी तो ओंजळीत घेतला, वर धरला आणि सगळ्या गावापुढं म्हणाले, "या गावात गोड पानी आनल्याबिगर या गावच्या पान्याचा थेंब मी तोंडात घेनार नाई. खाराबी नाई अन् गोडबी नाई!"

काय टाळ्या पडल्या! भोंग्यातून जयजयकार सुरू झाला. ती म्हातारी पुढं येऊन यांच्या पाया पडायला लागली. माझेसुद्धा हात टाळीला उठलेच होते, आणि तेवढ्यात माझी नजर बाबांकडे गेली. ते टाळी वाजवत नव्हते. ते खांबाला टेकूनच बसले होते आणि यांच्या हातांकडे बघत होते.

सभेनंतर सगळे आमच्या ओट्यावर आले. बाबांनी रीतीप्रमाणे तांब्या भरून आणला, घरच्या माठातला. ठेवला. फुलपात्र घातलं. यांनी हात जोडले. "मामाजी, आता आन घेतली मी. तुमच्याच गावासाठी."

"आन घेतली ते ऐकलं," बाबा म्हणाले. "पन पानी वाईट हाय असं कोन म्हने? खारं हाय. वाईट काऊन?"

"वाईट नाई म्हटलं मामाजी. पन..."

"घरचं पानी टाकलं तुमी, जवाई."

बाबा एवढंच बोलले आणि तांब्या आत घेऊन गेले. ओट्यावरचे कार्यकर्ते आपसात मतांचा अंदाज बांधत होते, त्यांच्या काही कानावर पडलं नाही. माझ्या मात्र सगळं पडलं. परतताना जीपमध्ये मी यांना म्हटलं, "हे काय करून बसलात?" तर म्हणाले, "दोन-तीन वर्षांचा तं प्रश्न हाय. नळ आला का पहिलं फुलपात्र तुह्या बापाच्या हातचं." खरंच वाटत होतं त्यांना तसं. खोटेपणा नव्हता माणसात. असता तर मी एव्हाना सगळं विसरून गेले असते.

हे निवडून आले. ती आणेची गोष्ट गावोगाव पोचली होती. 'सासऱ्याच्या घरी पानी न पेनारा मानूस', म्हणून लोक बोट दाखवायचे. आमच्या ओट्यावर सकाळपासून गर्दी. कुणाची बदली, कुणाची मोटार अडवलेली, कुणाच्या पोराला वसतिगृह. हे नांदुऱ्याहून गाडी धरून मुंबईला जात, हिवाळ्यात नागपूरला. पाण्याचा प्रश्न यांनी सभागृहात मांडला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा मांडला. उत्तर यायचं, योजना विचाराधीन आहे. मी विचारी, "विचाराधीन म्हणजे काय हो?" हे म्हणत, "म्हंजे बसून राह्य."

माहेरी आम्ही जायचोच. जीपच्या पुढं कॅनव्हासची छागल लटकलेली असे, गोड पाण्यानं भरलेली. गावाच्या शिवेवर ड्रायव्हर जीप थांबवी, हे छागलीतलं पाणी पोटभर पिऊन घेत आणि मग गावात शिरत. जेवायला बसले तरी भाकरी कोरडीच उतरवायची, वरण नाही, ताक नाही, कारण त्यातही गावचं पाणी. भर उन्हाळ्यात ठेच्याबरोबर कोरडी भाकरी खाताना यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय. आणि प्रत्येक वेळी, एकही खेप न चुकता, बाबा तांब्या भरून आणत. ठेवत. वर फुलपात्र घालत. बोलत काही नसत. आम्ही निघालो की तांब्या उचलून आत नेत. सुरुवातीला मला वाटलं, चिडवतात. मग वाटलं, टोचतात. पुढं पुढं कळलं की ते वाट बघतात. बाबा दर वेळी खरोखर वाट बघत होते, की आज तरी हा माणूस हात पुढं करील.

मला बाबा म्हणत, "बाई, तू पे. तुह्यावर आन नाई." मी प्यायची. यांच्यासमोर प्यायची, मुद्दाम. घोट गळ्याखाली उतरताना यांच्याकडे बघायची. माझ्या अंगात बापाचंच रक्त, काय करता!

दुसऱ्यांदा हे निवडून आले तेव्हा योजना खरंच मंजूर झाली. डोंगराच्या पायथ्याशी विहिरी, तिथून खालच्या गावांना नळ. सगळी गावं एकदम होणार नव्हती. आधी कोणती, मग कोणती, हे ठरवायची बैठक आमच्याच घरी, बैठकीच्या खोलीत. मी चहा घेऊन आत गेले तर यांचा आवाज कानावर आला, "ते गाव शेवटी घ्या. माही सासुरवाडी हाय. आधी तिथं नळ गेला तं लोक म्हनतीन, आमदारानं बायकोचं माहेर पाह्यलं."

चहा तिथंच ठेवून मी बाहेर आले. सगळे निघून गेल्यावर मी यांच्यापुढं उभी राहिले. "ज्या गावासाठी आण घेतली ते गाव शेवटी?"

"समजून घे व. मानसाचं नाव साफ राह्यलं पाह्यजे."

"आणि माझ्या बापाचा तांब्या?"

"म्हातारा समजदार हाय."

समजदार! ज्याला त्याला समजदार माणूसच हवा असतो, कारण त्याच्याशी कसंही वागता येतं. त्या दिवशी मी चुलीपुढं बसून जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. यांनी ऐकून घेतलं. यांचं नाव मात्र साफ राहिलं. वर्तमानपत्रात आलंसुद्धा, सासुरवाडीला शेवटी ठेवणारा आमदार म्हणून. वडनेरच्या बाजूच्या एका सभेत यांना त्याबद्दल हार घातला. हार घरी आणून यांनी खुंटीला अडकवला, आणि तो सुकेपर्यंत मी त्या खोलीत केर काढला नाही.

बाबा गेले तो उन्हाळाच होता. भावाचा निरोप आला आणि मी आधी पोचले. हे अधिवेशनाहून दुसऱ्या दिवशी आले. बाबांची शुद्ध शाबूत होती, श्वास तेवढा उरला होता. आमच्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात प्रत्येकानं चमचाभर पाणी घालायचं असतं. घरचं माणूस एकही चुकू नये. भावानं विहिरीचं ताजं पाणी वाटीत काढून ठेवलं होतं, कारण पाव्हण्यांच्या माठातलं बाबांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. भावानं घातलं, भावजयीनं घातलं, मी घातलं. बाबांनी तिघांचंही घेतलं.

मग हे आत आले. प्रवासानं काळवंडलेले, खादीवर धूळ. खाली बसले, चमचा घेतला, बाबांच्या ओठांशी नेला. "मामाजी, मी हाय."

बाबांनी डोळे उघडले. यांना नीट बघून घेतलं. आणि ओठ मिटले.

"मामाजी."

बाबा हळूहळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "तुमी माहं पेत नाई, जवाई. मी तुमच्या हातचं कसं पेऊ?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. देण्याघेण्याची रीत सांगावी तसं सांगितलं त्यांनी. मी यांच्या कानाशी वाकले. "प्या. आत्ताच्या आत्ता, त्यांच्या देखत एक घोट प्या. वाटी समोर आहे. मी पाया पडते तुमच्या."

यांनी वाटीकडे पाहिलं. वाटीला हातसुद्धा लावला. मग दाराकडे पाहिलं. दारात, ओट्यावर, अंगणात सगळा गाव उभा होता. आमदार आलाय म्हणून आजूबाजूच्या गावची माणसंही आलेली. ती म्हातारी उंबऱ्यातच बसली होती.

"लोक पाहून राह्यले," हे पुटपुटले.

आणि वाटीवरचा हात काढला. चमचा पुन्हा बाबांच्या ओठांशी नेला. ओठ मिटलेलेच. पाणी ओठांच्या कडेनं ओघळून उशीवर गेलं. दुपार टळायच्या आत बाबा गेले.

त्यानंतरच आवाज यायला लागला.

बाराव्यानंतर मी जळगावला परतले. दुपारची वेळ, ओट्यावरची गर्दी पांगलेली, हे आत आडवे. मी स्वयंपाकघरात. ओट्यावर तांब्या ठेवल्याचा आवाज आला, मग फुलपात्राचा. मला वाटलं, कुणी कार्यकर्ता. जाऊन बघते तो कुणी नाही. ओट्यावर ऊन, आणि पायरीशी जोडे नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी कुणाला बोलले नाही. बोलायचं काय? लोक म्हणाले असते, बापाच्या दुःखानं आमदारीणबाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

हेही काही बोलत नव्हते, पण यांच्यात काहीतरी बिघडलं होतं ते मला दिसत होतं. जेवायला बसले की पेला हातात धरून आत बघत राहायचे. मी म्हणे, "काय पडलंय?" "काही नाई." भाषणाच्या मधे पाणी प्यायची सवय होती, ती सुटली. घसा कोरडा पडला तरी तसंच बोलत, आणि आवाज फाटे. दिवसभर पाणी पीत, घागरीच्या घागरी, आणि तरी संध्याकाळी ओठ सुकलेले. डॉक्टरनं साखर तपासली. निघाली नाही.

एके दुपारी आवाज आला आणि मी मधल्या दारानं ओट्यावर आले. त्याच वेळी हे बैठकीच्या दारानं बाहेर आले. दोघं ओट्याच्या दोन टोकांना उभे. मध्ये रिकामी फरशी. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. 

"तुलेबी येते?" यांनी विचारलं.

"हाव," मी म्हटलं. लग्न होऊन जळगावात आल्यापासून मी शहाण्यासारखं 'हो' म्हणायला शिकले होते. त्या दिवशी माहेरचं 'हाव' आलं.

हे तिथंच फरशीवर बसले. मोठ्या माणसानं लहान मुलासारखं रडावं, असं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले नाही. माझा राग तेव्हा एवढा होता. खांबाला धरून उभी राहिले आणि त्यांना रडू दिलं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

पुढं यांनी त्या नळासाठी जिवाचं रान केलं. ऐकून घेणाऱ्याशी भांडले, न ऐकणाऱ्याशीही भांडले. पुढाऱ्यांना ते आवडलं नाही. तिसऱ्या वेळी तिकीट दुसऱ्याला गेलं. हे अपक्ष उभे राहिले आणि पडले. जीप गेली, भोंगे गेले, ओटा रिकामा झाला. सकाळी माणसं येतील या जुन्या सवयीनं लवकर उठून हे धुतलेली खादी घालून बसत, आणि कुणी येत नसे. एवढ्यात संपली आमदारकी.

त्या ओसाड ओट्यावर तांब्याचा आवाज आणखीच स्वच्छ यायचा.

नळ आला तो त्यानंतर, नव्या आमदाराच्या हातून. पत्रिकेत यांचं नाव नव्हतं. तरी हे गेले, एसटीनं, मला घेऊन. मंडपात मागं बसले. नारळ फुटला, तोटीतून पाणी आलं, बाया हरखून ओंजळी धरायला लागल्या. त्या म्हातारीची पोरं बिनलग्नाचीच पिकली होती. म्हातारी स्वतः तर आता नव्हतीच. कुणाला तरी यांची आठवण झाली. "अरे, जवाईबापूची आन होती ना!" म्हणून यांना पुढं नेलं, हातात नव्या पाण्याचा पेला दिला. हे प्यायले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फार नाही, थोड्याच.

"कसं हाय पानी?" कुणीतरी विचारलं.

"गोड हाय," हे म्हणाले.

नंतर भावाच्या घरी गेलो. भावजयीनं स्टीलच्या ग्लासात तेच नळाचं पाणी आणलं. घरात आता एकच माठ होता. पाव्हण्यांना आणि घरच्यांना एकच पाणी, म्हणजे किती चांगली गोष्ट! हे कोपऱ्यातल्या दुसऱ्या माठाच्या रिकाम्या तिवईकडे बघत बसले. निघताना अंगणात विहिरीपाशी जरा रेंगाळले. भावाला काहीतरी विचारणार होते, ओठ हललेही. मग काही न विचारता जोडे घातले. एवढ्या वर्षांनी मागायचं कोणत्या तोंडानं, असं झालं असेल. मला वाटलं होतं, आण सुटली, आता आवाज थांबेल. थांबला नाही.

वर्षं गेली. हे शेवटच्या आजारात पडले तेव्हा मुलं, सुना, नातवंडं सगळी होती. अन्न सुटलं, पाणीही जाईना. घोट तोंडात घेत आणि बाहेर टाकत. एके दुपारी मला जवळ बोलावलं.

"तुह्या माहेरचं पानी आन."

मी तातडीनं निरोप धाडला. भाऊ स्वतः कॅन घेऊन आला, म्हातारा झालेला, धापा टाकत. मी फुलपात्रात ओतून यांच्या तोंडाशी लावलं. यांनी जिभेवर घेतलं आणि मान हलवली.

"हे नाई. घरचं."

मी भावाकडे पाहिलं. तो खाली बघायला लागला. मग म्हणाला, "बाई, इहीर कवाच बुजवली. नळ आल्यावर कोन ओढते ते पानी? ढोरंबी तोंड लावत नोयते. पोरं पडतीन म्हनून माती टाकली."

बाबांनी खणलेली विहीर. त्या पाण्याचा एक थेंब आता कुठंही उरलेला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढं बाबा गेले तो दिवस उभा राहिला, वाटीवर ठेवलेला आणि काढून घेतलेला यांचा हात. इतकी वर्षं मी हा राग जपून ठेवला होता. त्या क्षणी मला तो कुठं ठेवावा कळेना. समोर एक तहानलेला माणूस होता, आणि तो माझा होता.

मी स्वयंपाकघरात गेले. माळ्यावरून बाबांच्या घरचा पितळी तांब्या काढला, तो वाटणीत मला आला होता. नळाचं पाणी त्यात ओतलं. चिमूटभर मीठ टाकलं, बोटानं हलवलं. बाहेर येऊन खाटेपाशी फरशीवर तांब्या ठेवला, वर फुलपात्र घातलं. आवाज झाला. यांनी डोळे उघडले.

यांना उठवून बसवलं, फुलपात्र तोंडाशी लावलं. प्यायले. थेंब सांडला नाही. फुलपात्र रिकामं झालं तरी ओठ लावूनच होते.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ टाकलं काय व?"

"हाव."

यांनी ओठांवरून जीभ फिरवली. आवाज बारीक झाला होता, वाकून ऐकावं लागलं.

"टाक अजून थोडं. तुह्या बापाचं याच्याहून खारं होतं."

मी उठले आणि मिठाची बरणी आणायला आत गेले.